मुखरू चपराशाची सभा

ब्लॉकच्या ऑफिसात मुखरूला चपराशी म्हणून लागून चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत त्यानं सतरंज्या किती वेळा अंथरल्या आणि किती वेळा झटकून गुंडाळल्या याला गणती नाही. पण त्या सतरंज्यांवर बसून कोणी माणूस मनातलं बोलला, असं त्याला एकदाही आठवत नव्हतं. ही गोष्ट त्याच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती.

गडी मुळातच चौकस. नसत्या चौकशा करायची त्याला लहानपणापासून खोड. बाजारात कोंबडं विकायला बसलेल्या माणसाला तो कोंबडं न घेता अर्धा अर्धा तास विचारत बसायचा, की हे आरवायच्या आधी पंख काऊन झाडते. त्याची बायको शकुबाई म्हणायची, याला पोटभर जेवण नसलं तरी चालते, पण एखादी गोष्ट कळली नाही तर झोप लागत नाही. खोटं नव्हतं ते. तर असा हा माणूस दर महिन्याला सभेच्या दारात उभा राहायचा आणि बघायचा, की दोनशे माणसं तोंडं मिटून बसली आहेत.

ऑफिस होतं चामोर्शीपासून सात-आठ कोसांवर, जंगलाच्या कडेला. साल असावं छप्पन. नवी योजना आली होती, की गावाला काय हवं ते गावातल्या लोकांनीच सांगावं आणि सरकारनं ते करून द्यावं. बीडीओ, म्हणजे ब्लॉकचे मोठे साहेब, होते गुणवंतराव, नागपूरचे, तिशीतले, भला माणूस. दौऱ्यावर कोणाच्या घरची कोंबडी खाल्ली नाही की कोणाला शिवी दिली नाही. त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, की पाच-पन्नास माणसं एकत्र बसवून मोकळेपणानं बोलू दिली, तर एकट्याला जन्मात सुचणार नाही ते सगळ्यांना मिळून सुचतं. या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. सभेत ते तासभर हेच समजावून सांगायचे, की तुम्ही बोला, मोकळेपणानं बोला. तासभर साहेबच बोलल्यावर लोकांना वाटायचं, झालं आता बोलून.

मग पुढच्या रांगेतून भैयाजी उठायचे. भैयाजी म्हणजे शंभर एकर धानाचे मालक, जुन्या मालगुजाराचे भाचे, अंगात कोट, हातात छडी. ते म्हणायचे, साहेब म्हणतात ते अगदी बरोबर आहे. खाली बसायचे. मागून दोनशे माना हलायच्या. साहेब चेहरा पाडून टेबलावरचे कागद गोळा करायचे आणि मुखरू सतरंज्या गुंडाळायला घ्यायचा.

मजा अशी, की हीच माणसं मांडवाबाहेर पडली, बिडी पेटवली, की अशी काही बोलायची की विचारू नका. तळ्याची पाळ कुठं फुटली, मास्तर महिन्यातून किती दिवस येतो, अस्वलानं कोणाचं शेत तुडवलं, सगळं. मांडवाच्या दांडीपासून बाहेर चार पावलं, एवढंच काय ते अंतर. त्या चार पावलांत माणसाला होतं तरी काय, हे मुखरूला कळून घ्यायचं होतं.

नुसती चौकशीची हौस असती तर एखादवेळी त्यानं सोडूनही दिलं असतं. पण त्याचा जीव अडकला होता.

त्याची एकुलती लेक मनकर्णा येरमटोल्याला दिलेली. मधे कोसमनाला. आषाढापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत तो वरचेवर भरायचा, आणि भरला की पलीकडची पाच गावं पलीकडेच. मागच्या भादव्यात मनकर्णा बाळंतपणाला अडली. नाला दोन पुरुष उंच चढलेला. नाल्याच्या अलीकडे गावात सरकारी सुईणबाई होत्या, मुखरू त्यांना घेऊन काठापर्यंत आला आणि दोघं पाण्याकडे बघत दोन दिवस उभी राहिली. पलीकडून जावई ओरडून काही सांगत होता, पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी कळलं की लेक वाचली, मूल गेलं. मुखरू तिथं काठावर बसून लहान पोरासारखा रडला होता.

आणि आता मार्गशीर्षात शकुबाईनं त्याला हळूच सांगितलं, की मनकर्णाला पुन्हा दिवस गेले आहेत, भादव्यातच वेळ येईल.

मुखरूनं त्या रात्री ठरवून टाकलं की नाल्यावर पूल झाला पाहिजे. सकाळी साहेबांना चहा देताना त्यानं विषय काढलाही. साहेब म्हणाले, या साली ब्लॉकात एकच मोठं काम व्हायचं आहे. लोकांनी काहीच सुचवलेलं नसल्यामुळे आपण समाजमंदिर धरलं आहे, सिमेंटचा ओटा, वर पत्रे, आत रेडिओ. माघात मेळावा आहे, जिल्ह्याचे साहेब येणार, तिथं लोकांनी दुसरं काही मागितलं तर ते करू. मुखरू म्हणाला, साहेब, मी मागतो. साहेब हसले. वाईट नाही हसले, पण म्हणाले, "तू ऑफिसचा माणूस, मुखरू. मागायचं लोकांनी. तू मागितलंस तर लोक म्हणतील चपराशानं लेकीसाठी पूल बांधून घेतला."

यात चूक काढायला जागा नव्हती. म्हणजे मुखरूनं स्वतः बोलायचं नाही आणि जी माणसं बोलत नाहीत त्यांना बोलतं करायचं. हातात दोन महिने.

पहिला संशय त्याला साहेबांच्या खुर्चीचा आला. त्यानं नीट पाहिलं होतं, की बोलायची इच्छा झालेला माणूस आधी खुर्चीकडे बघतो आणि मग खाली. पौषातल्या सभेच्या दिवशी मुखरूनं खुर्ची ऑफिसातच ठेवली आणि साहेबांना सांगितलं की तिचा पाय मोडला आहे. साहेब आनंदानं सतरंजीवर बसले. त्यांना वाटलं, बरंच झालं. मुखरूनं सतरंज्याही रांगेत न घालता गोल घातल्या, म्हणजे पुढची रांग आणि मागची रांग ही भानगडच नको.

झालं काय, तर भैयाजी साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसले. खुर्ची गेली आणि भैयाजी आले. आणि त्याहून मोठा घोळ ग्रामसेवकानं केला. तो नवा होता, उत्साही होता. कोणाची सूचना हरवू नये म्हणून वही उघडून बसला आणि म्हणाला, आधी आपलं नाव सांगा, गाव सांगा, मग सूचना सांगा.

पहिला माणूस उठला आणि म्हणाला, मी इथला नाही, साळ्याकडे पाहुणा आलो आहे. ग्रामसेवक म्हणाला, बरं, पुढचा. पुढचाही पाहुणा निघाला, बहिणीकडे आलेला. तिसरा बैल बघायला आलेला. असं करत करत आतलं वर्तुळ पूर्ण फिरलं. सदतीस माणसांना विचारलं आणि सदतीसच्या सदतीस पाहुणे. एका म्हाताऱ्यानं तर आपल्याला नावच आठवत नाही असं सांगितलं. साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, अरे मग या गावात राहतं तरी कोण. कोणी हसलंही नाही. भैयाजी उठून म्हणाले, समाजमंदिर अगदी योग्य आहे.

मुखरूला सतरंज्या गुंडाळताना हसूही येत होतं आणि भादवाही आठवत होता. पण त्याची चौकस बुद्धी मात्र जागी झाली. त्या पाहुण्यांतल्या निम्म्यांना तो जन्मापासून ओळखत होता. त्यातला एक कोलू, येरमटोल्याचा गोंड म्हातारा, त्याच्या जावयाचा शेजारी. मुखरू त्याला रस्त्यात गाठून म्हणाला, जोहार दादा, तुमी कोणाकडे पाहुणे आले होते ते तं सांगा.

कोलू थांबला. बिडी विझली होती, ती त्यानं कानावर ठेवली. मग सांगितलं ते असं, की आमच्याकडे वहीत नाव चढलं की माणूस गेला. जंगलात बांबू तोडताना जंगलखात्याच्या नाकेदारानं नाव लिहिलं की दंड. जमीनदाराच्या माणसानं नाव लिहिलं की बेगार, घरचं काम टाकून फुकट राबायला जा. कोलूच्या बापाचं नाव एकदा असंच लिहिलं गेलं आणि तो भर रोवणीत, धान लावायच्या दिवसांत, पंधरा दिवस साहेबलोकांचे तंबू वाहत फिरला.

"बेगार गेली म्हनतेत," कोलू म्हणाला. "गेली असन. पन वही तं तीच दिसते."

मुखरू घरी आला तो हेच वाक्य घोळवत. दारात येतो तर आत बायकांचा कलकलाट. शेजारच्या लग्नासाठी शकुबाईनं पत्रावळी लावायला घेतल्या होत्या. सहा-सात जणी परसाच्या, म्हणजे पळसाच्या, पानांचा ढीग मधे घेऊन बसलेल्या, पानाला पान जोडायचं, बांबूची काडी टोचायची, की झाली. हात चालले होते आणि तोंडंही. त्यात बुधरी होती, जी सासूपुढे चार वर्षांत मान वर करून बोलली नव्हती. तिची सासू समोरच बसली होती. आणि बुधरी खाली पानाकडे बघत, काडी टोचत, शांतपणे सांगत होती, की आमच्या विहिरीचं पाणी पिऊन पोरांची पोटं बिघडतात, मी तं नाल्यातलं उकळून देत जाईन. सासू पण पानाकडेच बघत म्हणाली, दे ना मग, कोणी धरलं तुले.

मुखरू दारातच उभा. शकुबाईनं विचारलं, असे काऊन पाहून राह्यले भुतासारखे. त्याला एक गोष्ट दिसली होती आणि ती खरी का हे पडताळून बघायचं होतं.

पुढचे पंधरा दिवस मुखरूनं जे उद्योग केले त्यामुळे गावात त्याच्या डोक्याबद्दल शंका घेतली गेली. खळ्यावर जाऊन तो धान उडवणाऱ्यांजवळ बसला. दोर वळणाऱ्यांजवळ बसला. जाळं विणणाऱ्या ढिवराजवळ अर्धा दिवस काढला. मग चावडीवर रिकाम्या हातानं बसलेल्यांजवळ जाऊन बसला. सगळीकडे तेच. हात रिकामे असले की माणूस समोरच्याचं तोंड बघतो, आणि तोंड बघितलं की त्याला आठवतं की हा पाटील, हा सावकार, ही सासू. हातात काम असलं की नजर कामावर राहते आणि बोलणं आपलं वाटेल तिकडे जातं. मधे गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही, कारण हात चालूच आहे. मुखरूला एवढा आनंद झाला की त्यानं ढिवराकडून नको असताना शेरभर मासळी घेतली.

मेळाव्याला सहाशे पानं जेवणार होती. पत्रावळी नेहमी आठ दिवस आधी सांगून ठेवायच्या, आणि हे काम मुखरूचं. यावेळी त्यानं त्या सांगितल्याच नाहीत. आदल्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा साफ सांगून टाकलं, की विसरलो. चार वर्षांत मुखरू काही विसरला नव्हता. साहेब आधी चिडले, मग त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाले, काय आहे ते खरं सांग.

मुखरूनं मग सगळं सांगितलं. कोलूची वही, बुधरीची सासू, ढिवराचं जाळं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आणि भैयाजींचं काय करायचं? मुखरू म्हणाला, त्याइले सैपाकाचा मान देऊ, सहाशे मानसाचं जेवन, मोठा मानूसच पाह्यजे. साहेबांना एवढं हसू आलं की त्यांनी चष्मा पुसला.

माघातला तो दिवस. ऊन कोवळं. भैयाजी छातीवर बिल्ला लावून मांडवामागच्या चुलाण्यांकडे गेले आणि वरणात मीठ किती यावर आचाऱ्याशी भांडायला लागले. जिल्ह्याचे साहेब दुपारी जेवायला यायचे होते. मुखरूनं मांडवात सतरंज्यांचे तीसेक लहान लहान गोल केले, प्रत्येकात परसाच्या पानांचा एक ढीग आणि काड्यांची जुडी ठेवली. आलेल्या माणसांना हात जोडून सांगितलं, की बाबांनो, माझी चूक झाली, पत्रावळी सांगायच्या राहिल्या, आता तुम्ही हात लावल्याशिवाय कोणाला जेवण मिळत नाही. ग्रामसेवकाला ताकीद होती, की वही मांडवाबाहेर ठेवायची आणि ऐकलेलं डोक्यात ठेवायचं.

लोक बसले. बायका एरवी मांडवाच्या मागं कोपऱ्यात उभ्या असायच्या, पण पत्रावळीचं काम म्हटल्यावर त्यांना कोण मागं ठेवणार. त्या पुढं आल्या. पुरुषांना काडी नीट टोचता येईना, तेव्हा त्यांनी पुरुषांना दोन शब्द सुनावले. तेवढ्यानं सुरुवात झाली.

मुखरू पाण्याची बादली घेऊन एका गोलातून दुसऱ्या गोलात फिरत होता आणि कान टवकारून ऐकत होता. एके ठिकाणी तळ्याच्या पाळीचं निघालं होतं. एकजण म्हणाला, पाळीवर बेशरमाची झुडपं लावा, मुळं माती धरतात. दुसरा म्हणाला, त्यापेक्षा मासळीचा ठेका गावानं घ्यावा, मग पाळ गावच राखेल. असं काही मुखरूनं तरी कधी ऐकलं नव्हतं. दुसरीकडे मास्तर येत नाही यावर सुकरी नावाची म्हातारी म्हणाली, त्याले राहाले घर नाई तं तो कसा येईन, माहा कोठा रिकामा आहे, ते देते. पन्नास सभांमध्ये मास्तरची तक्रार कागदावर गेली असेल, पण कोठ्याचं कोणी बोललं नव्हतं.

गुणवंतराव हे सगळं ऐकत एका गोलापाशी थांबले. तिथं येरमटोल्याची माणसं होती, कोलू होता, मनकर्णाही नवऱ्याबरोबर आली होती. कोणी तरी म्हणालं, जंगलातून मोह्याची फुलं आणताना जंगलखात्याच्या नाक्यावर अडवतात, तो नाकाच उठवला पाहिजे. साहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, की ते शक्य नाही, तो आपल्या खात्याचा विषय नाही.

गोल गप्प झाला. नुसता गप्प नाही, हातसुद्धा थांबले. माना खाली. शेजारच्या गोलातही कुजबुज होऊन शांत झालं. दोन महिन्यांची मेहनत एका वाक्यात पाण्यात जाते की काय असं त्याला वाटलं. त्याला भयंकर राग आला साहेबांचा, आणि साहेबांवर रागवायची त्याची ही पहिलीच वेळ. तो पुढं झाला, साहेबांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्या मांडीवर पानांचा ढीग ठेवला.

"साहेब, तुमीबी लावा," तो म्हणाला. "लोकाइचं झाल्यावर मंग काय होते नाई होते ते सांगा."

चपराशी साहेबाचा हात धरतो, हे लोकांनी पाहिलं. साहेबांनी पान उचललं, त्यावर पान ठेवलं, काडी टोचली, आणि पान मधोमध टरकन फाटलं. दुसरं घेतलं, तेही फाटलं. शेजारी बसलेल्या सुकरीनं त्यांच्या हातातून काडी काढून घेतली आणि म्हणाली, काऊन रे बाबा, तुह्या मायनं काई शिकवलं नाई का. मांडव खदखदून हसला. साहेबही हसले, कान लाल करून. सुकरीनं त्यांना धरून धरून एक पत्रावळी लावून घेतली, आणि तोवर मोह्याच्या नाक्यावरची चर्चा आपली आपण पुढं गेली होती.

त्यानंतर साहेब जेवणापर्यंत एकदाही ‘नाही’ म्हणाले नाहीत.

मग कोलू बोलला. पान उलटंपालटं करत तो म्हणाला, की आमच्या पाच गावांचं सगळं दुखणं नाला आहे, पूल झाला पाहिजे. बादली मुखरूच्या हातात होती, ती त्यानं खाली ठेवली. याच एका शब्दासाठी त्यानं खुर्चीचा पाय मोडल्याची थाप मारली होती, वेड्यासारखा गावभर फिरला होता आणि नोकरी धोक्यात घालून साहेबांचा हात धरला होता. चार-पाच जणांनी हो हो केलं. मुखरूला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

तेवढ्यात मनकर्णा बोलली. पदर डोक्यावर, मान खाली, हातात काडी.

"पूल तं होईन तेव्हा होईन," ती म्हणाली. "मागच्या साली पानी उतरलं असतं तरी काय झालं असतं. तीन कोस गाडीत हापटत नेलं असतं मले, रस्त्यातच मेली असती. बाई अडली का तिले उचलून काऊन न्यावं? सुईनबाईच आमच्याइकडं राहाली पाह्यजे. पानी याच्या आधी. आमी घर बांधून देतो तिले."

यावेळी हात थांबले नाहीत. मग पलीकडच्या गावची एक बाई पानाकडे बघत म्हणाली, माह्या नणंदेचंबी तसंच झालं होतं. दुसरी म्हणाली, माह्या सुनेचं. तिसरीनं नुसतं बोट वर केलं. गोलागोलातून बोटं वर झाली. पाच गावांत किती मुलं गेली होती हे कोणत्याही वहीत नव्हतं, आणि पुरुषांनाही त्या दिवशीच कळलं. कोलूनं आपल्या हातातलं पान खाली ठेवलं आणि म्हणाला, पूल राहू द्या, पोरगी बरोबर बोलून राह्यली.

मुखरू बादली उचलून मांडवाबाहेर गेला. त्याला काय वाटत होतं ते त्याचं त्यालाच नीट कळत नव्हतं. पूल गेला याचं वाईट वाटत होतं का, तर थोडं वाटत होतं. पण त्याहून जास्त त्याला लाज वाटत होती, आणि ती कशाची हे तो चुलाण्याजवळ उभा राहून शोधत राहिला.

जेवणं झाली, सहाशेच्या वर पानं उठली. जिल्ह्याच्या साहेबांपुढे समाजमंदिर मागायला एकटे भैयाजीच उरले, तेही वरणाच्या वाफेनं इतके थकले होते की अर्ध्यात बसले. येरमटोल्यात सुईणबाईंसाठी दोन खोल्यांचं कौलारू घर बांधायचं ठरलं. भिंतीची माती आणि लाकूड गावांनी द्यायचं, बाकी ब्लॉकनं. जेठ संपायच्या आत घर उभं राहिलं, आणि सुईणबाई आपली पेटी आणि एक बकरी घेऊन नाल्यापलीकडे राहायला गेल्या.

भादव्यात नाला भरला तो असा भरला की बारा दिवस उतरलाच नाही. मुखरू रोज ऑफिस सुटलं की काठावर जाऊन उभा राहायचा. शकुबाई म्हणायची, काय उपयोग, पण तिचंही जेवणात लक्ष नसायचं. आठव्या दिवशी पलीकडे जावई आला. पाण्याचा आवाज तसाच होता, ओरडलेलं काही कळेना. मग जावयानं दोन्ही हात जोडून पाळण्यासारखे हलवले. मुखरू धावत घरी गेला आणि शकुबाईला त्यानंही तसेच हात हलवून दाखवले.

पाणी कमरेइतकं उतरलं त्या दिवशी दोघं पलीकडे गेली. मनकर्णा खाटेवर बसली होती, मुलगी कुशीत. शकुबाईनं नातीला उचललं आणि ती तिला आत घेऊन गेली. मुखरू खाटेच्या पायाशी बसला. बसल्या बसल्या त्यानं लेकीला सगळं सांगून टाकलं. मेळाव्याचा खटाटोप त्यानं पुलासाठी केला होता, तिच्यासाठी केला होता, आणि ती दुसरंच मागेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

मनकर्णा ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, साऱ्या मुलखाले बोलतं केलं तुमी. मले एक डाव घरी येऊन इचारलं असतं, तं मी तवाच सांगतलं असतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मुखरूला ते लागलं. मूल गेल्यापासून साल उलटलं होतं, तो पाच-सहा वेळा इथं येऊन गेला होता. दर वेळी त्यानं नाल्याला शिव्या दिल्या होत्या, जावयाला धीर दिला होता, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला होता. तुले काय पाह्यजे, एवढं मात्र विचारलं नव्हतं. कोंबडं पंख काऊन झाडते हे ज्यानं विचारलं त्यानं.

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आणखी काय काय राह्यलं आहे सांगाचं?" त्यानं विचारलं.

मनकर्णानं आधी वडलांकडे पाहिलं, खरंच विचारतात का म्हणून. मग तिनं सांगायला सुरुवात केली. गेलेल्या मुलाचं तोंड कसं होतं तिथपासून. दुपार कलली, नाल्याचं पाणी पुन्हा चढायला लागलं, जावई दोनदा येऊन आठवण करून गेला. मुखरू उठला नाही.